स्पाडहोर्नचं फावडं कुणी उपटलं

स्पाडहोर्न, ११ मार्च १९७४

एप्पो,

तुझं पत्र मिळालं. चार पानं खरडलीस. त्यातली साडेतीन तुमच्या कॅनडातल्या मंडळाच्या नव्या हॉलवर, आणि ‘बाबा कसे आहेत’ हे अगदी खाली, जागा उरली म्हणून. सहाच इयत्ता शिकले असले तरी एवढं मला वाचता येतं.

तर तुम्हाला हॉलच्या भिंतीवर आपल्या गावाच्या नावाचा अर्थ कोरायचाय. आणि तू तिकडे सगळ्यांना सांगून बसलायस की कुणा सरदारानं आपल्या पूर्वजांना चांदीचं फावडं बक्षीस दिलं, म्हणून स्पाडहोर्न, फावड्याचा कोपरा. चांदीचं! कोळंबी सोलत बसलो होतो तेव्हा मी हे शेजारच्या तीत्येला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की सोललेली कोळंबी सालांत पडली. या आमच्या चिकणमातीत चांदीचं फावडं घेऊन कोण उतरतं रे? तुझा सरदार?

इथेही तोच ताप आलाय म्हणा. बाउकेमा मास्तर गावाची पुस्तिका काढतोय. त्यात मठातला एक साधू आहे. त्यानं म्हणे देवाचं नाव घेऊन पहिलं फावडं मारलं आणि बांध उभा राहिला. मास्तरच्या स्वतःच्या बागेत बटाटेसुद्धा त्याची बायको काढते.

खरी गोष्ट तू आणि मी बाबांच्या मांडीवर बसून ऐकलीय. पण तुझ्या डोक्यात आता कॅनडातला मका भरलाय, म्हणून परत सांगते. जुना कायदा असा की ज्याचं शेत समुद्राच्या बांधाला लागून, बांधाचा तेवढा तुकडा त्यानं राखायचा. फुटला तर त्यानंच बुजवायचा. ज्याला झेपेना त्यानं आपलं फावडं बांधात रोवायचं आणि बायकापोरं घेऊन चालू पडायचं. ते फावडं जो उपटेल, शेत त्याचं, घर त्याचं आणि बांधही त्याच्याच गळ्यात. आपल्या कोपऱ्यात एकानं असं फावडं रोवलं आणि गेला. मग ते तिथंच उभं राहिलं. शेत सगळ्यांना हवं होतं, बांध कुणालाच नको होता. पाणी चढतंय आणि गावचे बाप्ये फावड्याभोवती उभे. शेवटी कुणीतरी उपटलं. कुणी, ते आठ घराणी आठ तऱ्हेनं सांगतात आणि आठही जणांना खात्री आहे की आपलाच पूर्वज. बाबांना तर शंकाच नाही. पण नाव काही उपटणाऱ्यामुळे पडलं नाही. पळाला त्याच्यामुळे पडलं. शेजारच्या गावांनी हिणवायला ठेवलं आणि आम्ही तेच पत्त्यावर लिहितो. हे कोर भिंतीवर.

आता कामाचं. त्रेपन्नच्या मोठ्या पुरानंतर सगळ्या हॉलंडचे बांध उंच करायचं ठरलं होतं, ते काम फिरत फिरत आमच्या कोपऱ्यापर्यंत आत्ता आलं. उंच करायचा म्हणजे रुंदही करायचा. पायथ्याची घरं जाणार. आपलंही. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. तीत्ये तर नव्या न्हाणीघरात कुठली फरशी घालायची ते बघत हिंडतेय. मला चर्चमागे दोन खोल्या मिळाल्यात, बाबांना शहरात वृद्धाश्रमात एक खोली. चांगली आहे, ऊन येतं. जूनअखेर यंत्रं येतील.

बाबा सही करत नाहीत. म्हणतात, “या गावातून जाणाऱ्याचं काय होतं ते गावाच्या नावातच लिहिलंय. मी दुसरा होणार नाही.” शहाऐंशी वर्षांचा माणूस. जिना उतरताना माझा खांदा लागतो. म्हणतात, “न्यायचं असेल तर खुर्चीसकट उचला.” आणि बांधमंडळवाले उचलतील, एप्पो. मी ओळखते त्यांना. सगळ्या गावासमोर तसं उचललं तर बाबा शहरापर्यंत जिवंत पोचायचे नाहीत.

तू त्यांना पत्र लिही. वीस वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नाही, पण मी मोठ्यानं वाचीन. बहिरे नाहीत ते. आणि चांदीबिंदी घालू नकोस.

फ्रौके

ओंटारियो, २ एप्रिल १९७४

प्रिय फ्रौके,

तुझं पत्र उघडलं की कुणीतरी ओलं फडकं तोंडावर मारल्यासारखं वाटतं. तरी बरं वाटतं. इथे माझ्याशी असं बोलणारं कुणी नाही.

तू हसलीस, हस. पण इथल्या आपल्या पोरांनी ते गाव पाहिलेलं नाही. दर रविवारी ती विचारतात, आपण ज्या गावचे त्याचा अर्थ काय? मी काय सांगू? ‘पळपुट्याचा कोपरा’? आणि त्यांचे आईबाप काय करून इथे आले? आम्ही सगळ्यांनी फावडी रोवलीच ना? चांदीचं सांगितलं की निदान पोरं ताठ बसतात.

मी निघालो ती सकाळ तुला आठवते का माहीत नाही. तू भाकरी बांधून दिलीस. बाबा बसपर्यंत आले नाहीत. गोठ्यातून एवढंच विचारलं, “फावडं कुठं रोवलंस?” मी तेवीस वर्षांचा होतो. त्या जमिनीवर दोघांचं भागत नव्हतं हे त्यांनाही दिसत होतं.

मला वाटतं मास्तरचा साधू आपल्या कामाचा आहे. गावाचं नाव पळणाऱ्यावरून नाहीच पडलं, बांध घालणाऱ्यावरून पडलं, असं एकदा बाबांना पटलं की घर सोडण्यात लाज कसली? मास्तरला घरी बोलाव. शिकलेल्या माणसाचं ऐकतील.

सोबत बाबांसाठी पत्र ठेवलंय. माझं सगळं उत्तम आहे म्हणून सांग. गाई चाळीसच्या वर, मका क्षितिजापर्यंत.

तुझा
एप्पो

स्पाडहोर्न, २४ एप्रिल १९७४

एप्पो,

तुझ्यासारखा सल्ला द्यायला कॅनडात राहावं लागतं. पण म्हटलं करून बघू, म्हणजे मग तुला नावं ठेवायला मी मोकळी.

मास्तर आला. रविवारचा कोट, बगलेत कागद. मी कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा लावून टाकला. दुसऱ्या बिस्किटाला तो दुपारभर बसला असता. त्यानं साधूचं सुरू केलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

मग म्हणाले, “साधू कुठं राहायचा?”

“मठात, वील्कोकाका.”

“मठ कुठं होता?”

“तिकडे, उंचवट्यावर.”

“म्हणजे पाणी आलं असतं तर साधूचे पाय कोरडे.”

मास्तर म्हणाला, “तसं नाही, काका, त्याची श्रद्धा...”

“पाय कोरडे का ओले?”

“कोरडे,” मास्तर म्हणाला.

“मग त्याच्या नावानं गाव कशाला ठेवतील? कॉफी पी, गार होतेय.”

संपला साधू. मास्तर कागद घेऊन गेला. दारात मला म्हणतो, “फ्रौके, तुझे वडील प्रतीकं समजून घेत नाहीत.” मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही पायपुसण्यावर उभे आहात, खाली उतरा म्हणजे दार लावता येईल.”

मग तुझं पत्र वाचलं. गाई, मका, नवा ट्रॅक्टर, सगळं. मी वाचत होते आणि मलाच कंटाळा येत होता. बाबांनी एकच विचारलं, “त्या चाळिसांचं दूध काढतं कोण?” मी म्हटलं, लिहिलेलं नाही. ते उठले आणि बांधावर मेंढ्या बघायला गेले. आपल्या नाहीत त्या, लोकांच्या आहेत. तरी रोज बघतात.

आता ऐक पुढचं. परवा बांधमंडळाचा इंजिनिअर आला, व्हान लूनेन नावाचा. इस्त्रीची विजार आणि शहरी बूट. आमच्या अंगणात दोन पावलं टाकली आणि एक बूट तिथंच राहिला. मी काढून दिला. वाईट नाही बिचारा, पण त्याच्या मते सगळं कागदात मावतं. बाबांना म्हणाला, “आजोबा, सही नाही केलीत तरी जमीन मंडळाकडे जातेच. काळजी करू नका.” म्हणजे काळजी कशाची हेच त्याला कळलेलं नाही. बाबा म्हणाले, “तुकडा माझा आहे. मी सोडलेला नाही आणि तू घेतलेला नाहीस. मग तो जातो कसा?” इंजिनिअरनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, माझ्या हातात ओला बूट.

जाता जाता त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, जूनचा शेवटचा आठवडा. मग पोलीस. त्याला स्वतःला ते आवडणार नाही म्हणाला. त्याला आवडेल न आवडेल, मी काय करू?

बाबांनी परवापासून खुर्ची बांधावर नेऊन ठेवलीय. जेवायला खाली येतात, पुन्हा वर जातात. वारा कसला सुटलाय तुला कल्पना आहे. मी दोन घोंगड्या टाकते त्यांच्यावर, शिव्या घालते आणि खाली येते. गावातली सगळी ये-जा करताना माना वर करून बघतात. कालपासून पोरं त्यांना ‘बांधावरचा राजा’ म्हणतात.

तुझ्याकडे अजून काही शहाणपण असेल तर पाठव. मक्यातलं नको.

फ्रौके

ओंटारियो, १२ मे १९७४

फ्रौके,

दूध कुणीच काढत नाही. गाई नाहीत.

गेल्या वर्षी ट्रॅक्टर उलटून माझ्या कमरेचं हाड मोडलं. हिवाळ्याच्या तोंडाला सगळं विकलं. मी आता गावात एका लोखंडी सामानाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहतो. मका दिसतो, पण दुसऱ्याचा. तुला लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला इथं बसून ऐकू येत होतं.

लिलावाच्या दिवशी अनोळखी माणसं अंगणात फिरत होती. एक जण माझी बादली उपडी करून तिचं बूड ठोकून बघत होता. संध्याकाळी सगळे गेले. मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कुणाला द्यायची ते कळेना. घेणारा दुसऱ्या शहरात राहत होता. तो आलाच नाही. वकिलानं सांगितलं, चटईखाली ठेवा. वीस वर्षं, फ्रौके, आणि किल्ली चटईखाली.

त्या दिवशी मला आपली गोष्ट वेगळी कळली. आपण लहानपणापासून ऐकत आलो की फावडं रोवणारा पळपुटा. पण पळायचंच असतं तर तो फावडं घेऊन पळाला असता. त्याच्याकडे तेवढंच तर होतं. त्यानं ते मागं ठेवलं, कुणाच्या तरी हाती जावं म्हणून. बाबांना घर सोडायची लाज वाटत नसेल. घ्यायला समोर कुणीच नाही, हे त्यांना खातं. इंजिनिअर म्हणाला ना, सही नाही केली तरी जमीन जातेच? तेच ते. चटईखालची किल्ली.

साधू सोड. चांदीचंही सोड. त्यांना रीतसर फावडं रोवू दे, आणि बांधमंडळाच्या माणसाला सगळ्यांसमोर उपटू दे. कमरेमुळे मला विमानात बसता येत नाही, नाहीतर मी आलो असतो.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. सगळं, गाईंसकट.

एप्पो

स्पाडहोर्न, २९ जून १९७४

एप्पो,

गाढवा. गेल्या वर्षभरात आलेल्या प्रत्येक पत्रात गाईंची संख्या वाढत होती. मला वाटलं तुझ्याकडे त्या जुळी वासरं देतात. हाड मोडलं तर मोडलं असं लिहायचं, मी काय म्हणणार होते? म्हटलं असतं ते म्हटलं असतं, पण मोजे तरी विणून पाठवले असते. सोबत पाठवलेत. लोकरीचे आहेत, टोचतील, घाल.

पत्र वाचून दाखवलं, सगळं. बाबा बांधावर खुर्चीत होते, मी बाजूला गवतात. किल्लीचं वाचून झालं तेव्हा ते म्हणाले, “कुणीच आलं नाही?” मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, “एप्पोला लिही, कमरेला शेक घे.” म्हणजे ‘एप्पो’ असं नाव घेतलं त्यांनी. मी ऐकलं, कान तिखट आहेत माझे. पुढे म्हणाले, “फावडं आण. पुसून आण.”

मी इंजिनिअरला निरोप धाडला. तो हो म्हणाला. हसत हसत म्हणाला, ते मला तेव्हाच खटकलं होतं.

मंगळवारी सकाळी गाव जमलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, सगळे आपोआप आले. आठही घराणी. मास्तर कॅमेरा घेऊन. बाबांनी चर्चचा काळा कोट घातला, पायात लाकडी जोडे. भाड्याची मोटार दारात उभी होती, बोचकं आत ठेवलेलं. मी त्यांना धरून वर नेलं, पण फावडं हाती आल्यावर त्यांनी मला झटकलं. पायानं दाबलं, आत जाईना. आठांतल्याच एका घराण्यातला सिक्को मेदेमा पुढे सरकला तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा मागे. पुन्हा दाबलं. गेलं आत. मग बाबा वळले आणि उतरून गेले, एकटे, एकेक पाऊल, आणि पायथ्याला पाठ करून उभे राहिले. रोवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं.

आता इंजिनिअर. तो फावड्यापाशी गेला, हात पुढे केला आणि थांबला. मला म्हणतो, “बाई, म्हणजे याचा नेमका कायदेशीर अर्थ काय होईल? कारण मी मंडळाच्या वतीनं जर...”

मी म्हटलं, “उपट.”

“मला एकदा वरिष्ठांना विचारायला हवं.”

“तू बांध घेतोयस ना? मग उपट की!”

“घेतोय, पण असा नाही, म्हणजे या रूपात...”

आणि खिशात हात घातले. एप्पो, खिशात! खाली बाबा पाठ करून उभे, कोट वाऱ्यानं फडफडतोय, ते ऐकतायत, आणि उपटल्याचा आवाज येत नाही. मी बाकीच्यांकडे बघितलं. आठ घराणी. प्रत्येकाच्या आजोबानं म्हणे हे फावडं एकदा उपटलेलं. सिक्को म्हणाला, हा मंडळाचा मामला आहे. त्याचा भाऊ म्हणाला, माझ्या खांद्यात चमक आहे. मास्तर म्हणाला, उजेड चांगला आहे, कुणीतरी पुढे या. कुणी आपल्या जोड्यांकडे बघतंय, कुणी मेंढ्यांकडे. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. मला खालून वाटाण्याच्या सूपचा करपट वास आला, कारण निघण्याआधी बाबांनी दोन घास खावेत म्हणून मी ते चुलीवर ठेवलं होतं आणि या सगळ्यात विसरले होते.

मी गेले आणि उपटलं. ओली माती, सुटेना, मग सुटली तेव्हा एवढा मोठा आवाज झाला की मेंढ्या पळाल्या.

बाबांनी ऐकलं. मान न वळवता विचारलं, “कोण?”

“मी.”

त्यांनी फडफडणारा कोट आवरून धरला. मग म्हणाले, “डाव्या अंगाला झिरपतं. बघत जा.” आणि मोटारीत जाऊन बसले. सूप मी मग डब्यात भरून दिलं, वरवरचं. रस्ताभर करपल्याबद्दल कुरकुरत गेले असं ड्रायव्हर सांगत होता. म्हणजे जिवंत पोचले.

तुझी पत्रं आता थेट तिकडे पाठव, पत्ता मागे लिहिलाय. त्यांनी स्वतःच मागितलाय तुझा.

इंजिनिअर नंतर सहीचा कागद घेऊन आला. मी म्हटलं, करते ना सही, पण तुकडा आता माझा आहे. डाव्या अंगाला झिरपतं, पहिली माती तिथं टाकायची, आणि टाकताना मला बोलवायचं. हसला नाही या वेळी. वहीत लिहून घेतलं. परवा यंत्रं आली तेव्हा मातीची पहिली गाडी डावीकडेच ओतली, मी उभी राहून बघितली. घर दुपारपर्यंत पडलं. त्याबद्दल मी लिहीत नाही.

मास्तरचा फोटो पुस्तिकेत चाललाय, काल नमुना दाखवून गेला. मी पाठमोरी, एप्रन, हातात फावडं. खाली लिहिलंय, ‘ग्रामस्थ’. साधू तसाच आहे, पान चारवर.

आता तुझी भिंत. त्या दिवशी वर उभी असताना मला एक कळलं, आणि ते आठ घराण्यांत कुणीच सांगत नाही. तेव्हाही असंच झालं असणार. पाणी चढतंय, बाप्ये फावड्याभोवती उभे, हा त्याला म्हणतोय तू घे, तो म्हणतोय कायद्यात कसं बसतं ते बघू, आणि सगळ्यांचे हात खिशात. उपटलं असेल ते कुणातरी बाईनं, जिचं घरी काहीतरी करपत होतं. नंतर नवरा म्हणाला असेल, मी उपटलं. तिनं वाद घातला नसेल, तिला भांडं घासायचं होतं.

कोरायचं तर हे कोर. आणि अक्षरं मोठी काढ. चष्मा नसला की मला बारीक दिसत नाही, आणि फोटो पाठवशील तेव्हा मी वाचणार आहे.

फ्रौके